शनिवारचे बोंदरे काका

प्रमोद बोंदरे पहिल्यांदा डोंगरावर आले तेव्हा त्यांच्या पायात ऑफिसचे काळे बूट होते, अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि पँटच्या डाव्या खिशात एक कांदा होता. नागपूरचा माणूस उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतो, म्हणजे ऊन बाधत नाही, हे मी ऐकून होते. पण कॅलिफोर्नियात, ऑक्टोबरच्या सकाळी, अंगावर स्वेटर असतानाही गारवा जाणवणाऱ्या हवेत कोणी कांदा ठेवेल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या दोन्ही हातांना एकेक चार वर्षांची मुलगी लोंबकळत होती. त्या जुळ्या मुलींच्या फ्रॉकच्या खिशातही एकेक छोटा कांदा होता.

"वहिनी, तुमच्या पोरालाही देऊ का एक?" त्यांनी विचारलं. "जास्तीचे आणले आहेत."

मी पुण्याची. कॉलेजात असताना दर दुसऱ्या रविवारी कुठला ना कुठला किल्ला पायाखाली घातलेली. डोंगर म्हणजे आमच्या घरचंच कार्य, अशा थाटात मी त्या पार्किंगमध्ये उभी होते. आणि जिथे सेमिनरी हिलला डोंगर म्हणतात त्या गावचा हा गृहस्थ मला तयारी शिकवत होता. मी कांदा घेतला नाही. माझ्या पाच वर्षांच्या ओंकारने मात्र घेतला, आणि दिवसभर तो नाकाशी धरून हिंडला.

बोंदरे माझ्या नवऱ्याचे, अभयचे, ऑफिसातले सहकारी. सांता क्लारात आमच्या अपार्टमेंटपासून दोन इमारती सोडून राहायचे. उंची सहा फूट, वजन शंभराच्या बरंच वर, आणि आवाज असा की ते फोनवर हळू बोलत असले तरी आम्हाला आमच्या बाल्कनीत ऐकू यावं. त्यांची बायको शुभांगी डॉक्टर. भारतातली पदवी असूनही इथे पुन्हा परीक्षा देऊन ती हॉस्पिटलात रेसिडेन्सी करत होती. तिचे शनिवार-रविवार बहुतेक ड्यूटीत जायचे. म्हणजे शनिवारी सकाळी सात वाजल्यापासून मीरा आणि मुक्ता या दोन मुली आणि बोंदरे, असे तिघंच घरात.

घर वरच्या मजल्यावर, जमीन लाकडी. मुली सोफ्यावरून उड्या मारायच्या आणि खालच्या मिसेस पार्कर झाडूच्या दांड्याने छताला ठोकायच्या. मुलींना वाटायचं, खाली कोणीतरी आपल्याशी खेळतंय. त्या आणखी जोरात उड्या मारून उत्तर द्यायच्या. असं दोन महिने चाललं. शेवटी बोंदरे संत्राबर्फीचा डबा घेऊन माफी मागायला खाली गेले. मिसेस पार्कर सत्तरीच्या, निवृत्त शाळामास्तरीण. त्यांनी एक बर्फी खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि मग कपाटातून जवळपासच्या टेकड्यांचा एक जुना, घड्यांवर फाटलेला नकाशा काढून यांच्या हातात दिला.

"तुझ्या मुलींमध्ये काही दोष नाही," त्या म्हणाल्या म्हणे. "तुझ्या घराला चढ नाही, एवढंच."

बोंदऱ्यांनी हा सल्ला औषधासारखा घेतला. शनिवारी एक डोस. डोंगर बघायला, हवा खायला, व्यायाम करायला, यांतल्या कशासाठीही ते जात नव्हते. "पोरी दमल्या पाहिजेत," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. "दुपारी दोनला झोपून सहाला उठल्या पाहिजेत. बाकी ते निसर्ग वगैरे तुम्ही पाहा."

अभयला त्यांनी सोबतीला बोलावलं, अभयने मला ओढलं, आणि मग एकाचं ऐकून दुसरा असं करत दोन हजार एकच्या हिवाळ्यात दर शनिवारी चार-पाच मराठी घरं पार्किंगमध्ये जमायला लागली. नाशिकचे, मुंबईचे, एक कुटुंब थेट लातूरचं. ते दिवस तसे धास्तीचे होते. दर आठवड्याला कोणी ना कोणी नोकरी जाऊन, आपल्या टेबलावरचं सामान खोक्यात भरून घरी येत होतं, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. मोठी माणसं जमली की दोन मिनिटांत बोलणं तिकडे वळायचं. बोंदरे ते चालू देत नसत. "पोरं मोजा," असं म्हणून ते सगळ्यांना कामाला लावायचे. मुलं इतकी इकडेतिकडे पळायची की मोजणी कधीच दोनदा सारखी येत नसे. एकदा अकरा आली. आम्ही नऊ आणली होती. जास्तीची दोन एका कोरियन कुटुंबाची निघाली आणि त्यांना परत जायचं नव्हतं.

त्यांच्या काही पद्धती होत्या आणि त्या अजिबात मोडायच्या नाहीत. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे, ही पहिली. मला ती पटेना. आमच्याकडे तयारीचा माणूस पुढे आणि तयारीचाच मागे. मी तसं सांगितलं.

"मागं राहिलेल्याकडे कोणी पाहत नाही, वहिनी," ते म्हणाले. "पुढं ठेवला की सगळे त्याच्याचकडे पाहून चालतात. त्यालाही वाटतं, आपण लीडर आहोत. चालतो मग बरोबर."

माझा ओंकार म्हणजे पार्किंगमध्येच पाय दुखायला लागणारा मुलगा. "माय लेग्ज आर डन," हे त्याचं गाडीचं दार उघडायच्या आधीचं वाक्य. त्याला बोंदऱ्यांनी सलग चार शनिवार पुढे ठेवला. चौथ्या शनिवारी तो मागे वळून मला म्हणाला, "आई, कीप अप."

दुसरी पद्धत खांबांची. टेकडीवर गुरांसाठी तारेचं कुंपण होतं. त्याच्या प्रत्येक दहाव्या खांबाला अर्धं बिस्किट. अख्खं नाही. अख्खं दिलं की पोरं बसतात, अर्धं दिलं की उरलेल्या अर्ध्यासाठी चालतात, असा त्यांचा अनुभव. आणि "अजून किती?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं: "झालंच. त्या झाडामागं." झाड आलं की पुढचं झाड. मुलं फसत नसत, पण ऐकून घेत.

"काका, यू सेड दॅट फोर ट्रीज अगो," सायली म्हणायची. ती आमच्यातली सगळ्यात मोठी, आठ वर्षांची.

"मग बरोबर आहे ना," बोंदरे म्हणायचे. "चार झाडं कमी झाली."

पण त्यांची खरी करामत म्हणजे तक्रारीचा खडक. अर्ध्या वाटेवर एक मोठा करडा खडक होता, बैल बसल्यासारखा. वाटेत कोणी रडगाणं सुरू केलं की बोंदरे म्हणत, "खिशात ठेव. खडकावर काढ." आणि खरोखर खडक आला की प्रत्येकाला वर चढून एक मिनिट तक्रार करायची मुभा. मिनिट ते घड्याळात बघत. त्या मिनिटात काहीही बोलावं, कितीही मोठ्याने बोलावं, खाली उभ्या असलेल्यांनी मध्ये बोलायचं नाही. मिनिट संपलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि पुढचा वर.

पहिल्यांदा मुलं बुटात खडा, ऊन, तहान असल्या तक्रारी करायची. मग त्यांना चटक लागली. कोणी शाळेच्या डब्याबद्दल बोललं, कोणी धाकट्या भावाबद्दल. मुक्ताने एकदा पूर्ण मिनिट "मीरा, मीरा, मीरा, मीरा" एवढंच म्हटलं आणि शांतपणे खाली उतरली. मीरा टाळ्या वाजवण्यात सगळ्यात पुढे होती.

मग मुलं म्हणायला लागली की मोठ्यांनीही चढायचं. अभय चढला आणि आपल्या मॅनेजरबद्दल एक मिनिट वीस सेकंद बोलला. सायलीने त्याला खाली उतरवलं. माझी पाळी आली तेव्हा मी हसत हसत चढले. काहीतरी विनोदी बोलायचं ठरवलं होतं. वर उभी राहिले, खाली नऊ मुलं आणि सहा मोठी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "मी पण इंजिनिअर आहे." पुढे काय बोलले ते आठवत नाही. डिपेंडंट व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, तीन वर्षं मी घरी होते आणि ते मी कोणापाशीही बोलले नव्हते, अगदी अभयपाशीही. बोंदरे घड्याळ बघत होते. मिनिट होऊन गेलं असणार, कारण सायली दोनदा त्यांची बाही ओढत होती. त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी थांबले तेव्हा ते म्हणाले, "झालं मिनिट," आणि टाळ्या सुरू केल्या.

उतरताना त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "वहिनी, पोरांना नकाशा वाचायला शिकवाल का? मला तर त्यातलं काही समजत नाही." ते खोटं होतं. पण पुढच्या शनिवारपासून नकाशा माझ्या हातात आला तो कायमचा.

सामानाच्या बाबतीत मात्र हा माणूस कोणाचं ऐकत नसे. पाठीवर सॅक घ्यायला त्यांचा विरोध होता, घाम येतो म्हणून. त्याऐवजी चाकांची मोठी निळी आइसबॉक्स ते दगडगोट्यांतून खडखडत ओढत आणत. तिच्यात संत्री, दहीभात, थर्मास आणि कोणालाच न लागणाऱ्या दहा-बारा गोष्टी. संत्री खाताना नाक मुरडून "यात नागपूरची चव नाही" हे प्रत्येक फोडीला सांगायचं आणि पुढची फोड खायची.

एका शनिवारी त्या पेटीचं हँडल निघालं. आम्ही माथ्याच्या थोडं खाली होतो. पेटी आधी हळूच, मग चांगलीच वेगाने उतारावरून निघाली. एका दगडावर आपटून तिचं झाकण उघडलं आणि चाळीस संत्री हिरव्या गवतावरून टुणटुणत खाली पळायला लागली. क्षणभर सगळे बघत राहिले. मग बोंदरे ओरडले, "ज्याला जेवढी मिळतील तेवढी त्याची," आणि नऊच्या नऊ मुलं किंचाळत उतारावर सुटली. त्यांच्यामागे शंभर किलोचे बोंदरे, दोन्ही हात पसरून. खाली चरणाऱ्या गाई माना वर करून बघायला लागल्या. एका गाईने पायाशी आलेलं संत्रं हुंगलं आणि सालासकट खाल्लं. ओंकार गाईला म्हणाला, "यात नागपूरची चव नाही." त्या वाक्यावर बोंदरे गवतात बसले ते पाच मिनिटं उठले नाहीत. त्यांचं पोट हलत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज मात्र येत नव्हता. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस हसताना मुका व्हायचा.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात आम्ही रेडवुडच्या जंगलात तंबू ठोकून दोन दिवस राहिलो. तंबूच्या खोक्यावर सहा माणसांसाठी असं लिहिलं होतं. बोंदरे, दोन मुली आणि प्रेशर कुकर एवढ्यात तो भरला. सकाळी सात वाजता, सगळं जंगल धुक्यात शांत असताना, त्यांनी खिचडी लावली. पहिली शिट्टी झाली तशी शेजारच्या तंबूंच्या चेनी सरसर उघडल्या. दुसरीला लोक पायजम्यांत बाहेर आले. एक रेंजर गाडी थांबवून धावत आला आणि हे गृहस्थ पळीने त्याला थोपवून इंग्रजीत म्हणाले, "वन मोअर, सर. थ्री इज करेक्ट." रेंजर तिसऱ्या शिट्टीपर्यंत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. नंतर कागदी ताटलीत खिचडी आणि लोणचं घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो आपणहून आला, बरोबर स्वतःची ताटली घेऊन.

आता त्या धुक्याच्या दिवसाचं सांगते.

दोन हजार तीनचा फेब्रुवारी. पाऊस होऊन गेला होता आणि टेकड्या हिरव्यागार झाल्या होत्या. त्या शनिवारी फ्लूने निम्मी मोठी माणसं अंथरुणात होती, अभयही. त्यामुळे बोंदरे आणि मी, दोन व्हॅन आणि नऊ मुलं. रद्द करू या, असं मी सुचवलं होतं. "नऊ पोरं घरांत कोंडायची? त्या आजारी लोकांचा तरी विचार करा," ते म्हणाले.

माथ्यावर पोचलो, दहीभात झाला आणि परत निघालो तेव्हा समुद्राकडून धुकं आलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. मी मुलांना एकमेकांचे हात धरायला सांगितलं. तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. तिथल्या खारी जमिनीत बिळं करतात, तसल्या एका बिळात बोंदऱ्यांचा पाय गेला होता. ते गवतात पडले होते आणि उजवा घोटा बघता बघता फुगत होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. या माणसाला मी तोवर घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

माझ्या मोबाइलला रेंज नव्हती. त्यांच्याही नव्हती. खाली पार्किंगपर्यंत दोन मैल, आणि पार्कचं फाटक सूर्यास्ताला बंद व्हायचं. दोन वाजून गेले होते.

"वहिनी, तुम्ही पोरांना घेऊन खाली जा," ते म्हणाले. "रेंजरला पाठवा. मी बसतो इथं."

"एकटे? या धुक्यात?"

"मी काय हरवून राहिलो? हलताच येत नाही तर हरवणार कसा?"

मीरा आणि मुक्ता त्यांच्या दोन बाजूंना येऊन बसल्या होत्या. साडेपाच वर्षांच्या. "वी आर नॉट गोइंग," मीरा म्हणाली. त्यांना ओढून न्यायचं तर सात मुलं कोणाच्या हाती सोडायची? आणि ठेवून जायचं तर हा हलू न शकणारा माणूस आणि दोन पोरी अशा थंडीत किती वेळ बसणार? मी नकाशा उघडला आणि परत मिटला.

तेव्हा सायली पुढे आली. ती आता नऊ वर्षांची होती. तिने बोंदऱ्यांच्या पायाकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं आणि नेहमीच्या फटकळ सुरात म्हणाली, "सगळ्यात हळू कोण? काका. सो काका गोज फर्स्ट. दॅट्स द रूल."

मग ओंकारने आपला मफलर काढून दिला. मी तो घोट्याला करकचून बांधला. दोन मुलांनी कुंपणाशी पडलेला एक जाड दांडका शोधून आणला. मी एका काखेत खांदा दिला, दुसऱ्या हातात दांडका, आणि बोंदरे एका पायावर उभे राहिले. त्यांनी पहिली उडी मारली आणि कळवळले.

"खिशात ठेवा, काका," ओंकार म्हणाला. "खडकावर काढा."

तशी आमची वरात निघाली. सगळ्यांच्या पुढे बोंदरे, त्यांच्या काखेत मी, आणि मागे नऊ मुलं एकमेकांच्या जॅकेटला धरून. कुंपण धरून चाललं की वाट चुकणार नाही एवढं मला नकाशावरून माहीत होतं. सायली खांब मोजत होती. दहा खांब झाले की मुक्ता पळत पुढे येऊन बापाच्या तोंडात अर्धं बिस्किट घालायची. एकदा त्यांनी अख्खं मागितलं. "नो. मग तू बसशील," ती म्हणाली.

"अजून किती?" बोंदऱ्यांनी विचारलं. ते चेष्टेने विचारत नव्हते. शर्ट घामाने भिजला होता आणि ओठ पांढरे झाले होते.

"झालंच," सगळी मुलं एका सुरात म्हणाली. "त्या झाडामागं."

धुक्यात एकही झाड दिसत नव्हतं.

खडक आला तेव्हा साडेतीन वाजले होते. बोंदरे त्यावर चढू शकत नव्हते, म्हणून टेकून बसले. सायलीने त्यांच्या मनगटावरचं घड्याळ स्वतःकडे वळवलं आणि म्हणाली, "युअर मिनिट, काका. गो."

त्यांनी आधी पायाबद्दल सुरुवात केली. मग खारींना शिव्या दिल्या, अगदी मुलांना चालतील अशा. मग थांबले. आणि मग हळू आवाजात, जो मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता, म्हणाले, "मला डोंगर आवडत नाही. उंचावरून खाली पाहिलं की पोटात गोळा येते. दर शनिवारी येते. पण घरात बसलो की या दोघी दारात उभ्या राहून आईची गाडी पाहत राहतात. दिवसभर. मला ते पाहवत नाही. मला एकट्याला जमत नाही. दोन पोरींना एकट्याने सांभाळणं मला जमत नाही. कधी कधी वाटते, मलाही कोणी उचलून घ्यावं."

जवळजवळ दीड वर्ष, दर शनिवारी सगळ्यांच्या पोरांना माथ्यावर नेणारा हा माणूस तिथे जाऊन खाली का बघत नसे, नेहमी पोरांकडे तोंड करून आणि दरीकडे पाठ करून का बसे, ते मला तेव्हा समजलं. मी, किल्ले चढलेली, इतकं साधं ओळखू शकले नव्हते.

मुक्ता त्यांच्याजवळ गेली. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाबा, यू आर टू हेवी," ती म्हणाली. "उचलता नाही येणार. पण आम्ही ढकलू."

"झालं मिनिट," सायली म्हणाली, आणि नऊ मुलांनी टाळ्या वाजवल्या. बोंदरे पुन्हा मुके होऊन हसायला लागले. हसता हसता रडत होते की रडता रडता हसत होते, ते ठरवायला आम्हाला वेळ नव्हता. पुढच्या उतारावर मुलांनी त्यांना खरोखर ढकलत नेलं. दोघं मागून कमरेला हात लावून, दोघं बाजूने, आणि मीरा पुढे चालून वाटेतला प्रत्येक खड्डा ओरडून सांगत. धुक्याच्या खाली उतरलो तेव्हा समोर अख्खी व्हॅली लख्ख उन्हात पसरली होती. पार्किंगमध्ये पाच वाजून दहा मिनिटांनी पोचलो. चाळीस मिनिटांच्या वाटेला तीन तास लागले होते. फाटकाशी उभा असलेला रेंजर म्हणाला की तो आम्हाला शोधायला निघणारच होता. सायलीने त्याला सांगितलं, "वी हॅव अ स्लो लीडर."

घोट्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर. त्या सहाही शनिवारी बोंदरे आले. पार्किंगमध्ये घडीच्या खुर्चीवर बसायचे, पाय निळ्या आइसबॉक्सवर, शेजारी चहाचा थर्मास. शेजारच्या खुर्चीवर मिसेस पार्कर. मुलांना वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. आणि एका शनिवारी शुभांगी आली. तिने ड्यूटी बदलून घेतली होती. मुलींनी तिला पुढे ठेवलं, कारण रात्रपाळी करून आलेली ती खरोखर सगळ्यात हळू चालत होती. खडकावर तिला तिचं मिनिट मिळालं. ती काय बोलली ते मी लिहिणार नाही. खाली उतरल्यावर ती सरळ खुर्चीपाशी गेली आणि नवऱ्याच्या प्लॅस्टरवर डोकं ठेवून तिथेच, भर उन्हात, अर्धा तास झोपली. बोंदरे पाय न हलवता बसून राहिले. मुंग्या आल्या असतील, पण बोलले नाहीत.

दोन हजार चारमध्ये शुभांगीची रेसिडेन्सी संपली आणि तिला ह्यूस्टनजवळ शुगर लँडला नोकरी मिळाली. बोंदऱ्यांनी आपली नोकरी सोडून तिच्यामागे जायचं ठरवलं. आमच्यातल्या दोघा-तिघांना ते जरा विचित्र वाटलं, आणि त्यांनी तसं सुचवलंही. "आतापर्यंत ती हळू चालत होती ना," बोंदरे म्हणाले, "मग तिलाच पुढं ठेवायचं."

मी नकाशा परत करायला गेले तर घ्यायला तयार नव्हते. "तिकडे काय करू त्याचं? अभय सांगत होता, तिथली सगळ्यात उंच जागा म्हणजे फ्लायओव्हर आहे."

त्यानंतर आधी दर आठवड्याला फोन, मग महिन्याला, मग दिवाळीला. मला वर्क परमिट मिळालं, मी नोकरीला लागले. मुलं मोठी झाली, त्यांचे शनिवार सॉकरने आणि क्लासेसने खाल्ले. बाकीची घरं कुठे कुठे विखुरली.

दोन हजार आठच्या मे महिन्यात मला कामासाठी ह्यूस्टनला जावं लागलं. शनिवारी दुपारी परतीचं विमान होतं. आदल्या दिवशी फोन केला तर तोच आवाज. "सकाळी सातला या, वहिनी. पत्ता देतो. घरी नका येऊ, आम्ही घरी नसतो."

पत्ता एका ऑफिसच्या सहामजली पार्किंगच्या इमारतीचा निघाला. शनिवारी ती रिकामी असते. टॅक्सीतून उतरले तर सकाळी सातलाही हवा वाफेसारखी अंगाला चिकटत होती. आणि त्या इमारतीच्या गोल चढावावरून पंधरा-सोळा मुलांची रांग वर निघाली होती. मराठी, तमिळ, पंजाबी, दोन-तीन गोरी. बोंदरे आणखी जाड झाले होते, केस पांढरे झाले होते, आणि अर्थातच सगळ्यात पुढे तेच होते. अकरा वर्षांच्या मीरा-मुक्ता मागच्यांना हाकत होत्या.

"आठ फेऱ्या," त्यांनी धापा टाकत सांगितलं. "वर-खाली, वर-खाली. पोरं आता नुसती बसून राहिली आहेत, वहिनी, टीव्हीसमोर. डोंगर नाही तर काय करणार? हा सरकारी नियमांनी बांधलेला आहे, चढ एकदम बरोबर आहे."

एक फेरी मी त्यांच्याबरोबर केली. त्यांनी ओंकारची चौकशी केली, माझ्या नोकरीबद्दल खोदून खोदून विचारलं, मिसेस पार्कर कशा आहेत ते विचारलं. त्या गेल्या होत्या, मी सांगितलं. मग एका लहान मुलाच्या बुटाची सुटलेली लेस बांधायला वाकले आणि वाकलेलेच असताना म्हणाले, "चांगली बाई. तिने मला रागावायला पाहिजे होतं, तर नकाशा दिला."

टॅक्सीवाला हॉर्न देत होता. मी खाली उतरले, गाडीत बसले. रस्त्याच्या कडेने रेल्वेचा रूळ होता आणि लांबलचक मालगाडी येत होती, म्हणून फाटकाशी आम्ही थांबलो. सहज मान वळवून वर बघितलं. सहाव्या मजल्याच्या कठड्यावर लहान डोक्यांची ओळ दिसत होती, आणि तिच्या मधोमध एक भलं मोठं डोकं. खाली, थेट खाली, रस्त्याकडे बघणारं. सगळे जण हात हलवत होते. मालगाडीला हलवत होते की मला, ते एवढ्या लांबून कळायला मार्ग नव्हता. मी खिडकीची काच पूर्ण खाली केली, कमरेपर्यंत बाहेर झुकले आणि डबे संपेपर्यंत दोन्ही हात हलवत राहिले.